बसल्या नजरेची उंची

हबीबभाई कोणाच्याही घरी खिडकीच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म लावायला आले, की आधी खिडकीकडं पाहायचेच नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या, पिशवी भिंतीला टेकवायची आणि खोलीच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसायचं. घरमालक खुर्ची आणायला धावायचा. "खुर्ची नोको, साहेब. तुमी बसता कुठी, ते दाखवा." मग त्या जागेवर जाऊन बसायचे, मान थोडी वर करून, डोळे बारीक करून. खिशातून टेप निघायचा, पण पहिलं माप खिडकीचं नसायचं. ते त्या जागेवर बसणाऱ्या माणसाचं असायचं, फरशीपासून डोळ्यापर्यंत.

दिग्रसमध्ये याची टिंगल व्हायची. पानठेल्यावर कोणी तरी म्हणायचंच, "हबीबभाई, फिल्म लावून राह्यले का सदरा शिवून राह्यले?" ते शांतपणे म्हणायचे, "सदरा बिघडला त मानूस फेकून देते. खिडकी कोन फेकते?"

गेल्या हिवाळ्यात ते वारले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. आमच्या तांड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते, कारण त्यासाठी मला काय काय सोसावं लागलं ते मला ठाऊक आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मी पेपरात कितीदा लिहिलं आणि त्याचे मार्कही घेतले. पण प्रकाश माणसापर्यंत कसा पोचतो, हे मला या सातवी शिकलेल्या माणसानं फरशीवर खडूनं दाखवलं.

माझं घर मी माझ्या नोकरीवर बांधलं. सरकारी कचेरीत लिपिक आहे मी. तांड्यावरच्या आमच्या घराला खिडकी नव्हती. वर एक झरोका होता, तोही धुरानं काळा पडलेला. दहावीचा अभ्यास मी उंबऱ्यावर बसून केला. कोणी दारात उभं राहिलं की पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी व्हायची. म्हणून घर बांधताना मिस्त्रीला सांगितलं, मला कॉलेजच्या वाचनालयासारखी खिडकी पाहिजे. तो म्हणाला, "म्याडम, पश्चिम हाय ती. एप्रिलात रडसान." मी म्हटलं, तुम्ही बांधा. फरशीपासून दीड फुटावर सुरू होणारी, सहा फूट रुंद काच बसली. रस्त्यानं जाणारे मान वळवून पाहायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग मी याडीला घरी आणलं. आम्ही बंजारा, आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. वडील गेलेले, भाऊ पुण्याला कंपनीत. याडी तांड्यावर एकटी. तरुणपणी पऱ्हाटी उपटताना कापसाचं वाळलेलं खोड तिच्या उजव्या डोळ्यात घुसलं होतं. डोळा वाचला, पण बाहुली कायमची उघडी राहिली. डॉक्टरांनी मला समजावलं, उजेड वाढला की आपली बाहुली आकसते, यांची आकसत नाही; दार आहे पण कवाड नाही. डावा डोळा तर कधीचाच अधू. दिपलेल्या डोळ्यांनी ती चुलीपाशी बसायची. एका हिवाळ्यात तिचा पदर पेटला. शेजारणीनं पाणी ओतलं म्हणून निभावलं. पोळलेला हात बरा झाल्या झाल्या मी तिला दिग्रसला घेऊन आले आणि ठरवलं, आता परत पाठवायची नाही.

दोन महिने नीट गेले. मार्च लागला आणि तिनं धोशा लावला, मला तांड्यावर नेऊन सोड. काय झालं, विचारलं तर एकच उत्तर, "कायी छेनी." काही नाही. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, लोक काय म्हणतील, हेच पुन्हा पुन्हा. माझे यजमान उमरखेडला शिक्षक, रविवारी घरी येतात. त्यांनी समजावलं, भावानं फोनवरून समजावलं. ती आपलं गाठोडं बांधून तयार. मला वाटलं, उकाडा सहन होत नसेल. खोली दुपारी खरंच भट्टीसारखी तापायची. कूलरही हरायचा. कचेरीत कोणी तरी म्हणालं, हबीबभाईला बोलाव. पूर्वी जीपगाड्यांच्या काचा काळ्या करायचा, त्याच्यावर बंदी आल्यापासून घरांच्या खिडक्या करतो.

ते आले. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, पांढरी टोपी, खिशाला ब्लेडचा पुडा. फरशीवर बसले आणि मला म्हणाले, "पयले हे सांगा, घरात दिवसभर कोन राह्यते?"

"याडी राहते. मी सहाला येते."

"मंग माहं काम तुमच्याशी नाही, म्याडम."

मला राग आला. म्हटलं, "घर माझं आहे."

"घर तुमचंच हाय. दुपार याडीची हाय." आणि ते तिच्याकडं वळले. तिला याडी म्हणायला त्यांना कोणी शिकवलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं आणि उचललं. "याडी, दुपारी कुठी बसता?"

उत्तर मीच दिलं. "इथं खिडकीसमोर. मी खास खाट टाकली आहे तिच्यासाठी. रस्ता दिसतो, करमतं."

हबीबभाईंनी खाटेवरच्या चादरीवरून तळवा फिरवला. हात धुवायला पाणी मागितलं, न्हाणीत गेले, तिथं जरा वेळ थांबले. बाहेर येऊन म्हणाले, "उद्या सकायी येतो. दिवसभर बसन. तुमी नसल्या तरी चालते, याडी पाह्यजेत."

मी सुट्टी टाकली. खरं सांगायचं तर संशयानं. फिल्म लावायला दिवसभर बसायचं काय काम?

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळी ते खडूचा तुकडा घेऊन बसले. ऊन फरशीवर जिथं पोचेल तिथं दर अर्ध्या तासानं रेघ मारायचे, शेजारी वेळ लिहायचे. बाराच्या पुढं ऊन खिडकीतून आत यायला लागलं तशा रेघा याडीच्या खाटेकडं सरकू लागल्या. याडी पदर नाकापर्यंत ओढून बसलेली. ते तिच्याशी बोलत होते, पिकाचं, बैलबाजाराचं, तांड्यावरच्या होळीचं. जागा बदलत होते. मला वाटलं, बसून बसून पाय अवघडत असतील. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, की ते उन्हाबरोबर सरकत आहेत आणि त्यांची सावली याडीच्या तोंडावरून हलत नाही. याडीनं पदर कधी मागं टाकला, ते तिलाही कळलं नसावं.

दुपारी तिनं विचारलं, "हबीब, एवढ्या रेघा कायले मारतं रे? फिल्म लाव अन् जाय घरी."

तेव्हा त्यांनी त्यांच्या अब्बांची गोष्ट सांगितली. त्यांच्या शब्दांत जितकी आठवते तितकी लिहिते.

"अब्बा कापसाच्या जिनिंगमंदी मशीनीवर होते, याडी. आवाजानं त्याईचे कान गेले. म्हातारपनी अजान ऐकू ये नाही. पन भितीवर ऊन सरके ना, त्याच्यावरून त्याईले नमाजचा वक्त समजे. ऊन खिळ्याले लागलं का दुपारची जोहर, कोनाड्यापाशी आलं का कलत्या दिवसाची असर. गाड्याईच्या काचाईवर बंदी आली तवा माह्यापाशी काया फिल्मचा रोल उरला होता. म्हटलं, अब्बाची खोली थंड करू. लावली सारी. एक बारीक तिरीप बी ठेवली नाही. दिवसा बी रात. अब्बा खुश झाले, मले दुवा देल्ली. त्याच साली गेले. चाळिसाव्याच्या दिवशी अम्मीनं सांगतलं, ते एकच नमाज तीन-तीन डाव पढत होते. वक्त समजे नाही. एखादी त बरोबर वक्तावर पडन, म्हनून."

याडी म्हणाली, "त सांगत काहून नव्हते तुले?"

"पोरानं हौसेनं लावली, त्याले कसं सांगाव?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. याडीनं माझ्याकडं पाहिलं नाही, त्यांच्याकडं पाहूनच म्हणाली, "मी बी न्हानीत बसत असतो, भाऊ."

मला आधी नीट समजलंच नाही. मग ती बोलत गेली. मी साडेनऊला घराबाहेर पडले की सकाळचं काम उरकायचं, आणि ऊन खिडकीवर आलं की गोधडी घेऊन न्हाणीत जायचं. सगळ्या घरात तेवढी एक जागा अंधाराची. सहाच्या आधी गोधडी उचलायची, चादर नीट करायची. लेकीनं एवढ्या हौसेनं खिडकी केली, तिला कसं सांगायचं? त्यापेक्षा तांड्यावर गेलेलं बरं.

मी हबीबभाईंना विचारलं, "तुम्हाला काल कळलं होतं?"

"खाटंवरच्या चादरीले सळ नव्हता, म्याडम. अन् न्हानीतला एक कोपरा पार कोरडा होता. त्या कोपऱ्यात पानी उडू नाही म्हनून कोनंतरी बादली दूर सरकवली होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"माहं काम खिडकीचं हाय. मायलेकीतलं मी कायले सांगू?"

मला आधी याडीचाच राग आला. मग कोणाचा आला ते सांगत नाही. एवढंच म्हटलं, "सगळी काच काळी करून टाका. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"का?"

"मंग न्हानी काय वाईट हाय?"

आणि ते पुन्हा खडू घेऊन बसले, साडेपाचपर्यंत.

त्यांनी याडीला खाटेवरून खाली बसवलं. "खाट तुमच्या लेकीची. तुमची सवय खाली बसाची. बसा." भिंतीला पाठ टेकून ती बसली तेव्हा त्यांनी टेप लावला, फरशीपासून तिच्या डोळ्यापर्यंत. त्याच उंचीची एक आडवी रेघ काचेवर साबणाच्या वडीनं ओढली. वरच्या सगळ्या काचेला काळी फिल्म. रेघ मधोमध धरून हातभर उंचीचा फिकट पट्टा, ज्यातून तिला बसल्या बसल्या रस्ता दिसेल. त्याच्या खाली मध्यम, कारण खालून सिमेंट रस्त्याची झळाळी येते.

मी परीक्षकासारखं विचारलं, "संध्याकाळी सूर्य खाली उतरेल तेव्हा याच पट्ट्यातून थेट तिच्या डोळ्यात येईल की."

त्यांनी मला फरशीवरच्या खडूच्या रेघा दाखवल्या. पाचपर्यंत रेघा खाटेकडं सरकत आलेल्या. पुढं रेघच नाही. "सव्वापाचले सूर्य समोरच्या जिनिंगच्या शेडमागं जाते. पट्ट्याच्या उंचीवर येईपर्यंत तो राह्यतच नाही. याच्यासाठीच बसलो ना दिवसभर."

मी खिडकीपाशी जाऊन शेडकडं पाहिलं, रेघांकडं पाहिलं, याडीच्या डोळ्याकडं पाहिलं. तीन बिंदू, एक सरळ रेषा. कॉलेजात हे मी फळ्यावर सोडवलं होतं. ते माझ्या घरात, माझ्या आईवर लावायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते आले. काच तापायच्या आत काम व्हायला पाहिजे, नाही तर पाणी आधीच सुकतं आणि फिल्म सुरकुतते. बोअरच्या पाण्याला त्यांनी हातही लावला नाही. "हे पानी काचंवर पांढरे डाग सोडते. मंग जलमभर डागातून दुनिया पाहा." पिण्याच्या कॅनमधलं पाणी घेतलं, त्यात शाम्पूचे चार थेंब. ब्लेडनं काचेवरचा रंगाचा एकेक ठिपका खरवडला. फिल्मच्या मागचा प्लास्टिकचा कागद सोडवताना श्वास रोखून धरायचे, पंखा बंद, दार बंद, आम्हाला हलायची बंदी. ओली फिल्म काचेवर ठेवली, ती माशासारखी सरकत होती. दोन बोटांनी जागेवर आणली आणि रबरी पट्टी मधून कडेकडे ओढत नेली. आत एक बुडबुडा नाही. जिथं काळी आणि फिकट एकमेकींना भिडल्या, तिथं मी नख लावून पाहिलं. जोड हाताला लागला नाही. मोजपट्टी न लावता, नुसत्या नजरेनं कापलेली सहा फुटांची सरळ कड मी आयुष्यात पुन्हा पाहिलेली नाही.

जाताना त्यांनी बजावलं, "पंधरा दिवस काच पुसाची नाही. फुगल्यावानी दिसन, भ्याचं नाही. पानी हयूहयू जाते."

त्या दिवशीही मी घरीच थांबले. बारा वाजले, एक वाजला. याडी भिंतीला टेकून बसलेली. पदर खांद्यावर. फिल्मबद्दल चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. गाठोडं अजून दारामागं बांधलेलंच होतं आणि मला त्याच्याकडं पाहवत नव्हतं. चारच्या सुमारास ती एकदम ओरडली, "छोरी, टँकर वळला! बादल्या काढ, बसली काय नुसती?" मी बादल्या घेऊन पळाले. टँकरचा भोंगा त्यानंतर वाजला. माझ्या घरात येऊन तिला तीन महिने होत आले होते आणि तिनं मला कामाला लावायची ती पहिली वेळ. पाणी भरून परत आले तर ती गाठोडं सोडून लुगडी खुंटीवर टाकत होती.

नंतर मी गावात हबीबभाईंच्या खिडक्या ओळखायला शिकले. एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, घराच्या सगळ्या काचा अशा करा की बाहेरून आतलं दिसू नये आणि आतून बाहेरचं. हबीबभाईंनी सवयीप्रमाणं विचारलं, स्वयंपाकघरात कोण राहतं? सून राहते. सुनेला विचारलं, तुला काय पाहिजे? ती सासऱ्यासमोर काय बोलणार? नुसती खिडकीबाहेरच्या शाळेकडं पाहत राहिली. पोरगा होता तिचा त्या शाळेत. हबीबभाईंनी सगळ्या घराला फिल्म लावली आणि स्वयंपाकघरापाशी येऊन व्यापाऱ्याला सांगितलं, "रोल सरला, शेठ. हा माल आता येत नाही." व्यापारी वर्षभर विचारत राहिला, माल आला का? हबीबभाई वर्षभर सांगत राहिले, यायचा आहे. मी म्हटलं, खोटं बोललात की. म्हणाले, "खिडकीपायी बोललो. अल्ला पाहून घेईल."

आमच्याकडं ते दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर न बोलावता यायचे. काचेच्या कडा तपासायचे, याडीच्या हातचा चहा प्यायचे, अर्धा तास दोघं भांडायचे. ती म्हणायची, मुसलमानाच्या पोराला चहात साखर फार लागते. ते म्हणायचे, लमाणाच्या याडीला चहा कडूच आवडतो. अशी साडेतीन वर्षं गेली.

गेल्या दिवाळीनंतर ते अवेळीच आले, जवळ कुठं काम होतं म्हणून. याडी बाहेर ओट्यावर उन्हात बसून तूर निवडत होती. मी म्हटलं, थंडीचं ऊन खात बसते. हबीबभाई आत आलेच नाहीत. तिच्याकडं पाहत उभे राहिले. ताट तिनं अगदी तोंडापाशी धरलं होतं.

"कधीपासून बसते अशी?"

"दोन महिने झाले असतील."

"खिडकीपाशी बसत नाही?"

मी आठवून पाहिलं. नव्हती बसत. आणि मी याही वेळी पाहिलं नव्हतं.

ते हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्यात दाखवा, म्याडम. जे बाई उजेडाले भिऊन न्हानीत बसे, ते आता उजेड धुंडून राह्यली."

यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला आहे, वयानं होतं, परत यायचा नाही. जेवढी नजर उरली आहे तेवढीला भरपूर उजेड द्या. आता दिपण्यापेक्षा अंधार त्यांना जास्त नडेल.

मी हबीबभाईंना फोन करून सांगितलं. दुसऱ्या सकाळी ते गरम हवेचं मशीन आणि ब्लेड घेऊन हजर. मी खिडकीपुढं उभी राहिले. वेडेपणा होता, पण मला ते काम जाताना पाहवणार नव्हतं. म्हटलं, "हबीबभाई, एक कड उचललेली नाही, एक डाग नाही. अजून दहा वर्षं चालली असती."

"फिल्म चालली असती," ते म्हणाले. "सरका बरं जरा."

कोपऱ्याला ऊब देऊन त्यांनी कड उचलली आणि सावकाश ओढत नेली. काळी निघाली, फिकट पट्टा निघाला, खालची निघाली. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. स्वतःच्या हातचं इतकं देखणं काम सोलून काढताना माणसाला काही तरी होत असेल. त्यांचा चेहरा लावताना जसा होता तसाच, तितकाच मन लावलेला. चिकटलेला गोंद त्यांनी बोटभर बोटभर खरवडला, काच तीनदा धुतली. तोवर दुपार कलली होती; ऊन एकदम फरशीवर सांडलं.

मग त्यांनी याडीला हाक मारली. ती भिंत चाचपत आली आणि त्यांच्यासमोर बसली. इतकी वर्षं तिनं हबीबभाईंना अर्धवट उजेडात पाहिलं होतं, पुष्कळसं तर आवाजानंच ओळखलं होतं. आता ऊन सरळ त्यांच्या तोंडावर होतं. तिनं हात पुढं केला नाही. मान एकीकडं कलती करून, उरलेल्या नजरेनं ती बराच वेळ पाहत राहिली.

"हबीब," ती म्हणाली, "तू त माह्यापरीस म्हातारा हायेस रे."

हबीबभाईंना हसू आवरेना. टोपी सरळ करत त्यांनी विचारलं, "दिसलो ना, याडी?"

"दिसला."